शपथ न घेता झालेले नागरिक

बेळगाव, शहापूर, खानापूरपासून निपाणीपर्यंत आज जवळपास प्रत्येक आळीत एखादे तरी घर असे आहे, ज्यातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहे. मग एके दिवशी घरच्यांच्या मोबाईलवर एक छायाचित्र येते. हातात छोटा झेंडा, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र, मागे शपथ घेऊन बाहेर पडलेली माणसे. सगळे अभिनंदन करतात आणि घरातले एखादे वडीलधारे हळूच विचारतात, ‘म्हणजे आता हा आपल्या देशाचा राहिला नाही का?’

कायद्याच्या भाषेत याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण या निमित्ताने एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. त्या मुलाने अर्ज केला, मुलाखत दिली, शपथ घेतली, तेव्हा तो तिथला नागरिक झाला. आपण भारताचे नागरिक कधी झालो? कोणी आपली मुलाखत घेतली? सीमाभागाचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर बरेच काही नव्याने उमगते.

एका गावात दोन सरकारांची रयत

स्वातंत्र्यापूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखाली होता. पण बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. आज ज्या रस्त्याने आपण बोलता बोलता शहापूरच्या पेठेत पोचतो, त्या रस्त्यावर तेव्हा राज्य बदलत असे. चिकोडी, निपाणी ब्रिटिशांची, तर रायबाग कोल्हापूर संस्थानचे. सोयरीक, बाजारहाट, देवाच्या जत्रा या सगळ्या सीमा ओलांडून सुखेनैव चालत. कायद्याच्या लेखी मात्र बेळगावातली व्यक्ती ‘ब्रिटिश प्रजाजन’ होती आणि शहापूरचा तिचा मामेभाऊ संस्थानचा रयत, म्हणजे ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. दोघांपैकी नागरिक कोणीच नव्हते.

परक्या देशातून आलेल्या माणसाला ब्रिटिश हिंदुस्थानात प्रजाजन करून घेण्यासाठी १९२६ साली स्वतंत्र कायदा झाला होता. त्यातही निष्ठेची शपथ होती, पण ती राजाशी. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये याच बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. स्वराज्य मागायचे म्हणजे प्रजेने नागरिक व्हायचे, हा त्या मागणीचा गाभा होता. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेही बेळगावातच.

२६ नोव्हेंबर १९४९

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४८ च्या मार्चमध्ये सांगली मुंबई राज्यात आली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आले. शहापूर आणि बेळगाव यांच्यामधली राज्याची रेघ पुसली गेली. तरी ‘भारतीय नागरिक’ ही कायदेशीर ओळख अजून जन्माला यायची होती.

घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांनी फार घाम काढला. मसुदा समितीला इतकी डोकेदुखी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कलमाने दिली असेल, अशा अर्थाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ च्या ऑगस्टमध्ये काढले. कारण उघड होते. फाळणीमुळे लाखो माणसे इकडून तिकडे गेली होती आणि येत होती. १९ जुलै १९४८ नंतर पाकिस्तानातून आलेल्यांना नोंदणीसाठी अर्ज करावा लागणार होता.

आपल्याकडच्या माणसांना असे काहीच करावे लागले नाही. पाचवे कलम सांगते की, ज्याचे कायमचे वास्तव्य भारतात आहे आणि ज्याचा किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एकाचा जन्म भारतात झाला आहे, तो भारताचा नागरिक. संविधानाचा बहुतेक भाग २६ जानेवारी १९५० ला अमलात आला, पण नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच लागू झाली. म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्या दोन महिने आधी देशाला त्याचे नागरिक मिळाले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई, शहापूरच्या मागावर बसलेला विणकर, रायबागचा शेतकरी हे सगळे त्या दिवशी एकाच दर्जाचे नागरिक झाले. ना अर्ज, ना मुलाखत, ना शपथ.

याच्या वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी एक मुद्दा ठासून सांगितला होता. राज्यव्यवस्था दुहेरी असेल, केंद्राची आणि राज्यांची. पण नागरिकत्व एकच असेल, भारताचे. राज्याचे वेगळे नागरिकत्व असणार नाही. हेच डॉ. आंबेडकर १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीला आले होते. त्यांच्या या एका वाक्याचे मोल पुढे सात-आठ वर्षांत त्याच निपाणीला कळायचे होते.

सीमा हलली, माणसे जागच्या जागी

१९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथून जोमाने पुढे गेली. कर्नाटकाच्या एकीकरणाची परिषदही १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी बेळगावातच भरली होती. दोन भाषांची दोन स्वप्ने एकाच शहराने पाहिली, हे आपण मान्य केले पाहिजे.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. त्यानंतरच्या राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आदल्या रात्री मुंबई राज्यात झोपलेली माणसे सकाळी म्हैसूर राज्यात उठली. दाद मागायची ती आता मुंबईच्या उच्च न्यायालयात नव्हे, तर बेंगळुरूला. कचेऱ्यांवरच्या पाट्या आणि कागदांवरचे शिक्के बदलत गेले. पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. सेनापती बापटांचे १९६६ चे उपोषण. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, ज्याने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सांगितले आणि जो महाराष्ट्राने नाकारला. आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र तसूभरही हलली नाही, ती म्हणजे आपले नागरिकत्व. परक्या देशात गेलेल्या माणसाला नव्या निष्ठेची शपथ घ्यावी लागते. १९५६ साली आपल्याकडून कोणी तशी शपथ घेतली नाही, कारण घ्यायची गरजच नव्हती. राज्य बदलले, देश नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात हे आणखी स्पष्ट केले. भारतात ‘डोमिसाइल’ एकच, भारताचे. राज्याचे वेगळे डोमिसाइल नसते. वैद्यकीय प्रवेशाच्या वादात हा निकाल आला, हेही लक्षात घेण्याजोगे. महाराष्ट्रातील व्यावसायिक शिक्षणात सीमाभागातल्या मुलांसाठी काही जागा असतात. त्यासाठी वादग्रस्त भागातील रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मिळवताना आईबापांची किती धावपळ होते, हे घरोघर ठाऊक आहे. पण तो दाखला रहिवासाचा आणि भाषेचा असतो, निष्ठेचा नव्हे.

निपाणीत तर हा प्रकार रोजचाच. देवचंद महाविद्यालय निपाणीचे म्हणून ओळखले जाते, पण ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पोरे सकाळी कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात शिकायला जातात आणि जेवायला पुन्हा कर्नाटकात येतात. वाटेत कोणी त्यांना नागरिकत्व विचारत नाही.

शेजारच्या गोव्यात

खानापूरच्या पुढे, कॅसलरॉकच्या पलीकडे मात्र १९६१ पर्यंत खरीखुरी परदेशाची हद्द होती. गोवामुक्तीच्या लढ्यात बेळगावचा वाटा मोठा. याच टापूतल्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि प्रश्न उभा राहिला: काल पोर्तुगीज असलेली माणसे आज कोण?

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात याची सोय होती. नवा प्रदेश भारतात आला, तर तिथल्या कोणाला नागरिक मानायचे हे केंद्र सरकार आदेशाने ठरवू शकते. त्यानुसार २८ मार्च १९६२ रोजी आदेश निघाला. ज्याचा, ज्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे झाला, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला हे नको असेल, त्याने महिन्याभरात तसे लेखी कळवायचे. गोव्यातील एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी तसे कळवले, पोर्तुगीज नागरिकत्व राखले, परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यातच राहिले आणि त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. जन्मभूमीत राहूनही माणूस कायद्याने परका ठरू शकतो, याचे हे आपल्या उशाशी घडलेले उदाहरण.

जे मागून घेतात

आता पुन्हा परदेशातल्या मुलांकडे वळू. त्यांना हा हक्क सहज मिळतो असे वाटत असेल, तर थोडा इतिहास पाहावा. सखाराम गणेश पंडित हे १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले आणि तिथे वकिली करू लागले. भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला त्यांनीच लढवला. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. पाठोपाठ आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. पंडितांनी स्वतःचे नागरिकत्व न्यायालयात लढून टिकवले, पण बाकीच्या अनेकांचे गेले. १९४६ च्या कायद्याने हे दार पुन्हा उघडले.

आजची पद्धत सर्वांना एकसारखी आहे. अर्ज, बोटांचे ठसे, मग अधिकाऱ्यासमोर मुलाखत. इंग्रजी वाचून-लिहून दाखवायचे आणि त्या देशाच्या राज्यव्यवस्थेवरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. कित्येक वर्षे शंभर प्रश्नांची यादी होती. त्यांतले दहापर्यंत विचारत आणि सहा बरोबर आले की पास. संविधानाचे पहिले तीन शब्द कोणते, हा त्यांतलाच एक प्रश्न. पन्नाशी उलटलेला आणि वीस वर्षे तिथे कायम वास्तव्य केलेला माणूस ही परीक्षा दुभाष्याच्या मदतीने आपल्या मातृभाषेत देऊ शकतो. म्हणजे बेळगावची आजी न्यू जर्सीत मराठीतून उत्तरे देऊन नागरिक होऊ शकते. शेवटी शपथ, जिच्यात आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडल्याचे स्पष्ट म्हणावे लागते.

भारताचा कायदाही तितकाच स्पष्ट आहे. स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले की नववे कलम लागू होते, भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. २००५ पासून ओसीआय कार्ड मिळते. त्यावर येता-जाता येते, राहता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची शेती वारसाने मात्र मिळू शकते. निपाणीकडे ज्यांची जमीन आहे, त्यांनी हे वेळीच समजून घ्यावे.

उलट दिशेने कोणी परदेशी व्यक्ती भारताची नागरिक होऊ पाहत असेल, तर तिला साधारण बारा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. या शपथेत राजाचे, धर्माचे, राज्याचे किंवा भाषेचे नाव नाही. आणि कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत एक अट आहे: संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. आज अशा २२ भाषा आहेत. त्यांत मराठी आहे, कानडीही आहे.

ही अट आपण सीमाभागातल्या लोकांनी नीट समजून घ्यावी. परक्या माणसाला भारतीय व्हायला जी मराठी पुरते, ती इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला कमी कशी पडेल? अक्कलकोट, जतकडच्या कानडी बांधवांनाही कायद्याचा हाच आधार आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलताना जी सातवी घटनादुरुस्ती झाली, तिनेच ३५० क आणि ३५० ख ही कलमे आणली: मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. आपण मराठी शाळा किंवा मराठीतून कागदपत्रे मागतो, ती पाहुणे म्हणून नव्हे, तर नागरिक म्हणून मागतो. सीमाप्रश्नाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी हा हक्क तसाच राहील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. शपथ घेऊन नागरिक झालेल्याकडे प्रमाणपत्र असते. जन्माने नागरिक असलेल्या आपल्याकडे तसे एकच प्रमाणपत्र नसते. आपला पुरावा घरातल्या ट्रंकेत आहे: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मोडीतली खरेदीखते, सांगली किंवा कोल्हापूर संस्थानच्या शिक्क्याचे कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या नकला. यंदा गणपतीच्या आधी घर झाडताना ते कागद रद्दीत जाऊ देऊ नका. मोडी वाचता येणारी जी थोडी माणसे आपल्यात उरली आहेत, त्यांच्याकडून ते वाचून घ्या, देवनागरीत उतरवून ठेवा आणि एक प्रत परदेशातल्या मुलांकडेही पाठवा.