आजीची कूस कोण बदलणार? घरी येणाऱ्या ‘सिस्टर’ची शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्ट

हा एपिसोड मी पुण्यात माझ्या खोलीत बसून रेकॉर्ड करतोय, पण गोष्ट शेलूबाजारची आहे. मागून मधेच कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

शेलूबाजार कुठे, तर वाशिम जिल्हा, मंगरूळपीर तालुका, जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर. तुमच्यातल्या काहींनी हे नाव समृद्धी महामार्गाच्या पाटीवर वाचलं असेल. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हा आमच्याकडे लोक गाड्या बघायला जात होते. बाबा म्हणाले होते, आता नागपूर हाकेवर आलं. आलंच. पण गेल्या वर्षी पावसाळ्यात आजी ओट्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हा कळलं की रस्ता माणूस नेतो पटकन, पण नेलेल्या माणसाला परत आणल्यावर पुढे काय, ते त्या रस्त्याला माहीत नसतं.

ऑपरेशन अकोल्याला झालं. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे अकोलाच. १९०५ मध्ये इंग्रजांनी वाशिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला, तो १ जुलै १९९८ ला परत वेगळा झाला. पण त्र्याण्णव वर्षांची सवय अशी एका जीआरने जात नाही. डॉक्टरांनी डिस्चार्ज देताना सांगितलं: दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. लघवीची नळी आहे, ती स्वच्छ ठेवा. आणि लवकरात लवकर धरून उभं करा.

दर दोन तासांनी. म्हणजे रात्रीसुद्धा. आईचे गुडघे गेलेले, बाबा सोयाबीनच्या मागे, मी पुण्यात, बहीण सासरी. आजी मात्र म्हणत होती, "मले काई नाई झालं. तुमी आपलं काम पाहा."

तर आम्ही ‘माणूस’ शोधायला लागलो. मी मोबाईलवर शोधलं, जवळच्या शहरातल्या एका एजन्सीला फोन लावला. नाव सांगणार नाही, आणि त्याने फरकही पडणार नाही, कारण अशा पुष्कळ आहेत. मी काय विचारलं माहितेय? एकच प्रश्न: महिन्याचे किती? पलीकडून उत्तर आलं, "सर, ट्रेंड सिस्टर देतो, चोवीस तास, एक महिना ॲडव्हान्स." मी पैसे पाठवून मोकळा झालो.

सिस्टर. या शब्दावर जरा थांबू.

आपण रुग्णालयात कुणालाही सहज ‘सिस्टर’ म्हणतो. हा शब्द आला ख्रिस्ती जोगिणींकडून. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत रुग्णसेवेचं काम बरंचसं युरोपियन स्त्रिया आणि या सिस्टर करायच्या. ‘आया’ हा शब्द त्याहून जुना, पोर्तुगिजांकडून आलेला. म्हणजे परक्या माणसाची शुश्रूषा पैसे घेऊन करणारी बाई, हिला आपल्याकडे स्वतःचा असा शब्दच नव्हता. सुईण होती, पण ती बाळंतपणापुरती. म्हाताऱ्या माणसाचं कोण करायचं? सून. किंवा घरातली विधवा: आत्या, काकू, मावशी. तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती, नकार द्यायची सोय तर नव्हतीच. ‘पूर्वी एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांचं किती छान व्हायचं’ असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, छान कोण करायचं? त्या बाईचं पुढे कोणी केलं?

आणि घराबाहेरचा माणूस नकोच, ही भीतीही साधी नव्हती. १८९७ चा पुण्यातला प्लेग आठवा. सोजीर घरात घुसून रोगी शोधत होते, माणसं उचलून नेत होते. त्या चिडीतूनच त्या वर्षी २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत दुसरीही एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात स्वतः रोगी आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. शाळेतल्या भाषणांत त्यांच्या आयुष्याचा हा भाग शेवटच्या दोन ओळींत उरकतात. मला तो फार मोठा वाटतो. परक्याच्या अंगाला हात लावणं हे तेव्हा केवढं धाडस होतं, ते त्यात दिसतं.

कारण प्रश्न अंगाला हात लावण्याचाच होता. २ ऑक्टोबर १९०९ ला पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याच्या केंद्रस्थानी रमाबाई रानडे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले होते, रमाबाई स्वतः विधवा होत्या. विधवांना, परित्यक्तांना स्वतःच्या पायावर उभं करायचं तर शिक्षिका किंवा नर्स हेच दोन रस्ते दिसत होते. शिक्षिका एकवेळ चालत होती. पण नर्स? परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याचं भांडं उचलायचं, रात्रपाळी करायची! तरी सेवासदनने मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवल्या. समाजाने नावं ठेवायची ती ठेवली. ज्यांना घरी कुणी विचारत नव्हतं त्या बाया शिकून आल्या, आणि मग त्याच नावं ठेवणाऱ्या घरांतून आजारपणात त्यांना बोलावणी यायला लागली असतील, असं मला आपलं वाटतं. तशी पद्धतच आहे आपली.

पुढे कायदे आले. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये नर्सेसच्या नोंदणीचा कायदा झाला. आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हताच, तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम. या सगळ्याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच, आणि हे नीट ऐका: खरी नर्स, मग ती एएनएम असो, जीएनएम असो की बीएस्सी नर्सिंग, तिचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये असतं, तिला नोंदणी क्रमांक असतो. तो मागायचा. बिनधास्त मागायचा. जी नोंदणीकृत आहे तिला त्याचा राग येत नाही.

आमच्याकडे जी ‘ट्रेंड सिस्टर’ आली तिला मी नंबर विचारला नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. चौथ्या दिवशी आजीला थंडी वाजून ताप. नळीतून इन्फेक्शन. परत अकोला. मग त्या मुलीने रडत रडत आईला सांगितलं की तिचं ट्रेनिंग आठ दिवसांचं, त्यात नळीला हात लावायला शिकवलंच नव्हतं. आणि आम्ही देत होतो त्यातले निम्मेसुद्धा तिच्या हाती पडत नव्हते. शिवाय आम्ही तिला झोपायला काय दिलं होतं? आजीच्या खाटेखाली सतरंजी. चोवीस तासांचं माणूस म्हणजे चोवीस तास जागं माणूस, असं आम्हीही धरूनच चाललो होतो. ती गेली, बदली आली, ती पाच दिवसांत गेली. तिसरी आलीच नाही. ॲडव्हान्स अजून अडकलेला आहे. चूक एजन्सीची होतीच. पण मोबाईल निवडताना मी जेवढे रिव्ह्यू बघतो त्याच्या निम्मेही प्रश्न मी आजीसाठी विचारले नव्हते.

मग वाटलं, यावर काही कायदा नाही का? शोधलं. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. मुलं बघत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. म्हणजे कायदा पैसे मिळवून देतो. रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार, हे त्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत आलं. त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायचं म्हटलं होतं, पाठवलेला माणूस प्रशिक्षित हवा, त्याची पोलीस पडताळणी झालेली हवी असंही. नेमकं आम्हाला हवं तेच! ते विधेयक मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. नर्सला १९३५ पासून रजिस्टर आहे; ‘मावशी’, ‘आया’, ‘केअरटेकर’ यांचं कुठलंच तसं रजिस्टर नाही.

पण एक गोष्ट सापडली, आणि ती आमच्याच जिल्ह्यात. २०१०-११ मध्ये केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. देशातले मोजके जिल्हे आधी निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत वाशिम होता. पुणे नव्हे, मुंबई नव्हे, वाशिम! जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, आणि उपकेंद्राच्या सिस्टरने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी येऊन बघायचं, घरच्यांना कसं करायचं ते शिकवायचं, असं त्या कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलेलं आहे. आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना पीक विम्याच्या सगळ्या तारखा पाठ असतात, पण हे नाही.

आणि घरी जाऊन सेवा करायचं शास्त्र आपल्याच विदर्भातून जगाने उचललंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवलं आणि नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताई सहा वेळा येते, दिवस ठरलेले: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. माझ्या भाच्याच्या वेळी आली होती, मी बघितलंय. आजी दवाखान्यातून घरी आली, तिच्यासाठी असं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख होते. आता किती, अंदाज करा.

तर आम्ही काय केलं ते सांगतो, कारण मेसेजमध्ये तुम्ही तेच विचाराल.

काम दोन भागांत तोडलं. जे नर्सचंच आहे, नळी, जखम, इंजेक्शन, त्यासाठी एक नोंदणीकृत सिस्टर ठरवली, आठवड्यातून दोनदा येणारी. आणि रोजचं, म्हणजे कूस, अंघोळ, जेवण, धरून चालवणं, यासाठी गावातल्याच एक मावशी. उपकेंद्राच्या सिस्टर दोन दुपारी येऊन मावशींना आणि आईला सोबत बसवून शिकवून गेल्या: चादर धरून कसं वळवायचं, टाचेखाली काय ठेवायचं, लाल झालेली जागा चोळायची नाही. रात्र मावशींची नाही, रात्र बाबांची. मोबाईलवर दोन तासांचा अलार्म. मावशींचे तास, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख आणि कुठली कामं त्या करणार नाहीत (धुणं-भांडी नाही, शेतावरचा डबा नाही) हे कागदावर लिहिलं. आईला आधी ते विचित्र वाटलं. "गावातल्या बाईसोबत कागद करतं काय कोणी?" मावशी म्हणाल्या, "करा, बरं राहते."

गावाबाहेरचं माणूस ठेवणार असाल तर पोलीस पडताळणी, आधीच्या दोन घरांचे फोन नंबर, आणि ती आजारी पडली तर बदली कोण, हे पैसे देण्याआधी. एजन्सीकडून पावती घ्या, ग्राहक आयोगात तीच कामी येते. माझ्याकडे फक्त फोनवरचं बोलणं आहे. कुणी म्हाताऱ्या माणसाला त्रास देत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. मावशी पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आजीने आईला जवळ बोलावून विचारलं, "कोणाची हाय ते?" जात विचारत होती. आईने सांगितलं. आजीने दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. शंभर वर्षांपूर्वी रमाबाईंच्या मुलींनी जे ऐकलं ते आमच्या ओट्यावर, माझ्या आजीच्या तोंडून. मी फोनवर चिडलो, भाषण दिलं. पुण्यात बसून भाषण सोपं असतं. मावशी आईला एवढंच म्हणाल्या, "मले सवय हाय. पण पगार तारखेवर द्या." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आजीने पाणी घेतलं. का, ते विचारलं नाही कुणी. अजूनही मावशींनी देवघराकडे गेलेलं तिला आवडत नाही, आणि अंघोळ मात्र मावशींशिवाय कुणाकडून घालून घेत नाही. आईने घालायला घेतली तर म्हणते, "तुह्या हाताले घाई हाय."

मागच्या महिन्यात मावशींची स्वतःची सासू आजारी पडली, त्या चार दिवस सुट्टीवर गेल्या. कागदात लिहिलेलंच होतं. ते चार दिवस बाबांनी दिवसाचंही केलं. एका संध्याकाळी बहिणीने व्हिडिओ कॉल लावला तर बाबा आजीचे केस विंचरत होते, साठ वर्षांत पहिल्यांदा. भांग वाकडा पडला होता. आजी आरसा मागत होती आणि बाबा म्हणत होते, "थांब ना माय, हलू नोको."