शिवोलीच्या घरातून आलेली ध्वनिफीत

गोमंतकातील धर्मग्रामांच्या शाळांनी शतकानुशतके मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले. त्या शिदोरीवर गोव्याचे ख्रिस्ती वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात पिढ्यान्‌पिढ्या राबले. नाव मात्र बहुधा इतरांचे झाले. म्हणूनच रेमो फर्नांडिस यांची १९८४ सालची ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत आम्हांला महत्त्वाची वाटते.

मुंबईच्या कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या रेमोंनी शिवोलीच्या राहत्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर ती मुद्रित केली. गीते, गायन, वादन सारे स्वतःचेच. पिवळ्या स्कूटरवरून त्यांनी ती दुकानोदुकानी पोहोचवली. इंग्रजी रॉकमध्ये आपलाच गाव ऐकू येतो, हे ओळखून गोवेकरांनी तिचे स्वागत केले. १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठवला. २००७ साली त्यांना पद्मश्री लाभली.

आज धायरीतील आपल्या घरांतही गिटार वाजते आणि वडीलधारी माणसे कुरकुरतात. वाचकहो, या मुलांना मिस्साच्या गायकवृंदात जागा द्यावी, तशीच स्वतःचे गीत रचण्याची मोकळीकही द्यावी. कंठ देणारा परमेश्वर एकच आहे.