पित्याची उर्दू, पुत्राची इंग्रजी

पित्यानें आपल्या आठवणी उर्दूंत लिहाव्या आणि पुत्रानें त्या इंग्रजींत उतरवाव्या, असा योग क्वचितच येतो. हैदराबादचे नबाब सर्वर-उल-मुल्क यांचें आत्मचरित्र हें त्याचें एक उदाहरण होय. ‘माय लाइफ’ या नांवानें तें लंडनमध्यें छापलें गेलें. भाषांतरकार त्यांचे चिरंजीव नबाब जीवन यार जंग.

सर्वर-उल-मुल्क ही पदवी. मूळ नांव आगा मिर्झा बेग, घराणें दिल्लीचें. १८५७ सालची दिल्लीची वाताहत त्यांनीं बालवयांत पाहिली, आणि पुढें नशीब काढण्यास ते दक्षिणेंत उतरले. हैदराबाद हें त्या काळीं दिल्लीकरांचें माहेरच झालें होतें. शायर दाग तेथेंच १९०५ सालीं वारले. गदराची हकीकत लिहून ठेवणारे जहीर देहलवी हेहि १९११ सालीं तेथेंच. आगा मिर्झा बेग बालनिजाम मीर महबूब अली खान यांचे शिक्षक झाले. १८६९ सालीं गादीवर बसतांना हा राजा पुरतीं तीन वर्षांचाहि नव्हता. सर सालारजंग १८८३ सालीं निवर्तले, दुसऱ्याच वर्षीं लॉर्ड रिपन यांनीं निजामास राज्याधिकार दिले, आणि राजाचा गुरु दरबारचा मुत्सद्दी बनला. तेथील पक्षोपपक्षांत ते स्वतः एका बाजूस उभे होते. अशा पुरुषाचें लेखन ही साक्ष खरी, पण कैफियतहि खरीच.

तें इंग्रजींत नेणें सोपें नव्हे. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. ‘इस’ आणि ‘उस’ कागदावर सारखेच दिसतात. माणसांच्या नांवांत तर परका वाचक हटकून ठेंचाळतो. मुलानें तीं नांवें घरांत कानांनीं ऐकलेलीं असतात. हा लाभ कोणत्याहि कोशांत मिळत नाहीं. परंतु ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तू’ या तिघांना इंग्रजींत एकच ‘यू’. ‘खाकसार’, ‘फिदवी’ हे शब्द शब्दशः उतरविले तर लिहिणारा लाचार दिसतो. आपल्याकडील ‘सेवेशीं विज्ञापना’चें इंग्रजी केल्यास तेंच होईल! आणि ‘गदर’? दिल्लीकराच्या मनांत त्या शब्दाबरोबर सोडलेलीं घरें आणि फांशीं गेलेले आप्त उभे राहतात. इंग्रजी ‘म्यूटिनी’त शिपायांच्या बेशिस्तीपलीकडे कांहीं उरत नाहीं, शब्द बदलला कीं फिर्यादी बदलतो.

खरी कसोटी मात्र आदराची. पित्याचा राग, त्याची आत्मस्तुति, शत्रूंवरील टोमणे गाळावे कीं ठेवावे? गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ महाराष्ट्रास परिचित आहे. चिंतामणराव वैद्यांनीं तो १९०७ सालीं छापला, पण भटजींची भाषा व मजकूर यांस कात्री व कानस लावून. मूळ हस्तलिखितावरील शुद्ध प्रत दत्तो वामन पोतदारांनीं काढली ती १९६६ सालीं. वैद्य भटजींचे कोणी लागत नव्हते, तरी त्यांचा हात आवरला नाहीं. मग पुत्राचा कसा आवरावा? जहीर यांचें पुस्तक राणा सफवी यांनीं २०१७ सालीं इंग्रजींत आणलें. त्यांना हा संकोच नव्हता. सर्वर-उल-मुल्क यांचें मूळ उर्दूहि ‘कारनामा-ए-सरवरी’ म्हणून छापलेलें आहे, म्हणून निदान ताडून पाहण्याची सोय आहे.

हा प्रश्न नबाबांच्या वाड्यापुरता नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्याचे पांच जिल्हे निजामाच्या राज्यांत होते. सरकारी दफ्तर उर्दूंत, १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंत. औरंगाबाद–नांदेडकडील मराठी घरांतून आजोबांच्या हातचे उर्दू कागद निघतात, आणि नातवांस ते लागत नाहींत. त्यांवरील १३५० हा आंकडा कोणी हिजरी समजतो, कोणी शक. तो फसली असतो. त्यांत ५९० मिळवावे म्हणजे १९४० येतें.