मीटर चालूच होतं : पॅरिसच्या टॅक्सी, सप्टेंबर १९१४

आजचा भाग युद्धावर आहे, पण सुरुवात आमच्या काकांच्या जीपपासून करतो.

काकांची वडाप होती, गाव ते तालुका. निवडणूक आली की गाडी ‘अधिग्रहित’ व्हायची. कागद हातात पडायचा, त्यावर तारीख, वेळ आणि हजर राहायचं ठिकाण. नाही म्हणायची सोय नाही. गाडी नेली म्हणून काकांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा, “लॉगबुकावर सही कोण करणार आणि पैसे कधी?” एका निवडणुकीचे पैसे पुढची निवडणूक तोंडावर आली तरी मिळाले नव्हते.

हाच प्रश्न डोक्यात ठेवून आपण १९१४ च्या पॅरिसला जाऊया.

पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झालाय. जर्मन सैन्य बेल्जियममधून फ्रान्समध्ये घुसलंय आणि पॅरिसच्या जवळ येऊन ठेपलंय. २ सप्टेंबरला फ्रेंच सरकार राजधानी सोडून बोर्डोला गेलं. शहराची जबाबदारी लष्करी गव्हर्नर जोसेफ गॅलिएनी यांच्यावर. वय पासष्ट, निवृत्तीतून परत बोलावलेले.

तेवढ्यात एक संधी चालून आली. जर्मन पहिल्या सेनेचा सेनापती फॉन क्लुक पॅरिसला पश्चिमेकडून वळसा घालायचं सोडून शहराच्या पूर्वेकडे वळला. त्याची उजवी बाजू उघडी पडली. त्या बाजूवर जनरल मोनुरी यांच्या सहाव्या सेनेनं हल्ला चढवला, पण तिला कुमक हवी होती. सातवी पायदळ डिव्हिजन पॅरिसला पोचली होती, मात्र सगळीच्या सगळी वेळेत पुढे न्यायला रेल्वे पुरेना. आघाडी साधारण पन्नास किलोमीटरवर. सैनिकांना चालत न्यायचं तर ते दमून पोचणार आणि उशिराही पोचणार.

मग काय? शहरात टॅक्सी होत्या!

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे ऐनवेळी सुचलेलं असलं तरी बेकायदा नव्हतं. लष्कराला नागरिकांकडून जनावरं, गाड्या, चारा, जागा मागता येईल असा कायदा फ्रान्समध्ये १८७७ पासून होता. त्याच कायद्यात दुसरी बाजूही होती : घेतलेल्या वस्तूची पावती द्यायची आणि मोबदला द्यायचा. सरकारला तुमची गाडी घेता येते, पण फुकट नाही. मला विचाराल तर अधिग्रहण आणि लूट यांच्यामधली भिंत ती हीच.

६ सप्टेंबरला आदेश निघाला. पोलिसांनी रस्त्यात टॅक्सी थांबवायला सुरुवात केली. आत बसलेल्या प्रवाशांना उतरवलं आणि गाड्या लेझँव्हालिदच्या मैदानाकडे पिटाळल्या. बऱ्याचशा गाड्या रेनॉ कंपनीच्या, दोन सिलिंडरच्या. बरेच तरुण ड्रायव्हर आधीच सैन्यात भरती झाले होते, त्यामुळे उरलेल्यांत वयस्कर मंडळी पुष्कळ होती. रात्री गाड्यांचा ताफा निघाला. शत्रूला दिसू नये म्हणून पुढचे दिवे बंद, फक्त समोरच्या गाडीचा मागचा दिवा बघत चालायचं. पहिल्या रात्री बऱ्याच गाड्यांना नुसतं ताटकळावं लागलं. खरी वाहतूक ७ तारखेच्या संध्याकाळी आणि रात्री झाली. पूर्वेकडच्या उपनगरांतून एकेका गाडीत चार-पाच सैनिक, बंदुका आणि पाठपिशव्यांसकट कोंबले आणि नांत्युल-ल-ओदुआँच्या दिशेनं सोडले. अंदाजे ६०० गाड्या, चार-पाच हजार सैनिक.

पुढे याची दंतकथा झाली : टॅक्सीवाले स्वतःहून धावले आणि त्यांनी पॅरिस वाचवलं. यातलं पहिलं अर्धसत्य आहे. त्यांना हुकूम होता. दुसरं तर अतिशयोक्तीच. सहाव्या सेनेत दीड लाखाच्या आसपास माणसं होती. सातव्या डिव्हिजनचा मोठा भाग रेल्वेनं गेला आणि तोफखाना रस्त्यानं. मार्नची लढाई टॅक्सींनी जिंकली नाही. पण घाबरलेल्या शहराला आपण काहीतरी करतोय हे दिसलं आणि ते दिसणंही महत्त्वाचं होतं. मोटार हे लष्करी साधन आहे, ही गोष्टही लोकांच्या मनात पक्की बसली.

मला मात्र या सगळ्यात सर्वात आवडणारा भाग वेगळाच आहे. टॅक्सींचं मीटर चालू होतं! युद्ध दारात, सरकार पळालेलं, तरी भाडं मीटरप्रमाणे लागलं. फ्रेंच सरकारी तिजोरीनं एकूण ७०,०१२ फ्रँक चुकते केले. म्हणजे गाडीमागे शंभर-सव्वाशे फ्रँक. गाड्या बहुतेक कंपन्यांच्या, त्यामुळे ड्रायव्हरच्या हातात त्यातला वाटाच आला. पण आला.

काही जणांना हा कोतेपणा वाटतो. देश संकटात आणि हे भाडं मोजतायत? मला उलट वाटतं. त्या ड्रायव्हरचं घर त्याच मीटरवर चालत होतं. संकटात देशानं माझ्याकडे गाडी मागावी, मी देईन. पण माझ्या त्यागाचा हिशोब ठेवायचं काम देशाचं आहे, माझं नाही.

आपल्याकडेही ही तत्त्वं कागदावर आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १६० नुसार निवडणुकीसाठी वाहन घेता येतं आणि कलम १६१ नुसार त्या भागातल्या चालू भाड्याच्या आधारे भरपाई द्यावी लागते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्येही अशीच जोडी आहे, कलम ६५ आणि ६६. कायद्यात घेण्याचं कलम आणि देण्याचं कलम शेजारी-शेजारीच आहेत. प्रत्यक्षात पहिलं एका रात्रीत लागू होतं. दुसऱ्यासाठी काका वर्षानुवर्षं खेटे घालायचे.

मार्नची एक टॅक्सी आजही पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात, त्याच लेझँव्हालिदमध्ये उभी आहे. कधी गेलात तर तिचं मीटर जरूर बघा.

तुमच्या घरातली एखादी गाडी, ट्रॅक्टर किंवा बैलगाडी अशी सरकारी कामाला गेली असेल तर तो किस्सा आम्हाला नक्की कळवा. पैसे मिळाले का, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात!