रणोदचा खोखई मठ

शिवपुरीला शिंदे घराण्याच्या छत्र्या पाहायला आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेलेले असतात. त्याच जिल्ह्यातील रणोद गावचा खोखई मठ मात्र थोड्यांनीच पाहिलेला असतो. मध्ययुगातील देवळे उत्तर भारतात पुष्कळ उरली. देवळांशेजारचे मठ बहुतेक नाहीसे झाले. रणोद, सुरवाया, तेरही आणि कदवाहा येथे ते अजून दिसतात. त्या काळचे संन्यासी कसे राहत होते, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच आपला परिसर मोलाचा आहे.

शिलालेख काय सांगतो

मठाच्या भिंतीत एक मोठा संस्कृत शिलालेख बसवलेला आहे. त्यावर वर्ष नाही. अक्षरवळणावरून तो दहाव्या-अकराव्या शतकातला मानतात. अवंतिवर्मा नावाच्या राजाला शैव दीक्षा घ्यायची होती. त्याने पुरंदर या आचार्यांना आग्रहाने आपल्या राज्यात आणले. पुरंदरांनी राजाच्या मत्तमयूर नगरात एक मठ स्थापन केला आणि दुसरा रणिपद्र येथे. रणिपद्र म्हणजेच आजचे रणोद. मत्तमयूर म्हणजे कदवाहा असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

पुढे याच परंपरेतील व्योमशिवांनी मठाचा जीर्णोद्धार केला, देवमूर्ती बसवल्या आणि तलाव बांधला. मठात खाटेवर झोपू नये, रात्री स्त्रियांनी मुक्काम करू नये, असे नियमही लेखात आहेत. मठ हे तपस्व्यांचे घर होते आणि त्या घराला शिस्त होती.

बांधणी

देवळाची सवय झालेल्या डोळ्यांना हा मठ साधा वाटतो. ना शिखर, ना कोरीव मूर्तींच्या रांगा. जाड दगडी भिंती, चौक, त्याभोवती ओसऱ्या व खोल्या, आणि वर लांबच लांब शिळांचे सपाट छत. काही भाग दुमजली आहे. लाकडाचा आधार घेतला नाही, म्हणूनच इमारत टिकली. उन्हाळ्यात हा प्रदेश तापतो तेव्हा जाड भिंतींचा गारवा आणि शेजारच्या तलावाचे पाणी यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सुरवायाचा मठ शिवपुरी-झाशी रस्त्यालगत असल्याने पोहोचायला सोपा. तिथे मठाबरोबर तीन देवळे आणि पायऱ्यांची विहीर एकाच आवारात आहेत. भोवतीची गढी नंतरची.

आल्यागेल्याची सोय

मठाचा कारभार कसा चाले, याचा सविस्तर हिशेब दूर आंध्रात सापडतो. याच शैवसिद्धान्त परंपरेतील गोलकी मठाचे आचार्य विश्वेश्वरशंभू यांना काकतीय राजा गणपतिदेव व त्याची कन्या रुद्रमदेवी यांच्याकडून कृष्णाकाठी गावे मिळाली. इ. स. 1261 च्या मलकापुरम लेखात त्या उत्पन्नातून देऊळ, विद्यार्थी, मठ, आरोग्यशाळा, प्रसूतिशाळा आणि अन्नसत्र चालवण्याची व्यवस्था नोंदवली आहे. ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत कोणीही आला तरी त्याला अन्न मिळावे, असे त्यात बजावले आहे. यात्रेकरूला व वाटसरूला मठाचा आधार का वाटे, ते यावरून कळते.

मराठी मुलखाशी नाते

रणोदच्या लेखातील गुरुपरंपरेत पुरंदरांच्या आधी ‘आमर्दकतीर्थनाथ’ हे नाव येते. आमर्दक म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ, असे अभ्यासक मानतात. नामदेवांना विसोबा खेचर भेटले, तेच हे औंढा. मध्य भारतातील मराठी माणसाचा इतिहास आपण सहसा शिंदे-होळकरांपासून सुरू करतो. ही ओळख मान्य केली, तर त्या मुलखाची आणि या भागाची गाठ कितीतरी शतके आधीच पडली होती, आणि तीही फौजेशिवाय.

या वास्तूंचा अभ्यास ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी नेटाने केला. सुरवायावर त्यांनी मार्गदर्शिकाही लिहिली. त्यांचे काम पुढे नेणे सोपे आहे: पुढच्या वेळी शिवपुरीला जाताना एक दिवस जास्त काढावा, मुलांना बरोबर न्यावे. पाणी आणि डबा सोबत ठेवावा. शिलालेखाला हात लावू नये की त्यावर खडू घासू नये. देऊळ पाहिल्यावर देव कळतो. मठ पाहिल्यावर त्या देवाच्या दारी राहणारी माणसे कळतात.