स्वरांनाही जात चिकटवणारे शास्त्र आणि रागांचा ‘स्वभाव’

संत तुकाराम महाराजांची पालखी आमच्या इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीवरून पंढरपूरला जाते. तेव्हा इथे लाऊडस्पीकरवर प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते लागतात. १४ एप्रिलला लागतात ती त्यांचीच भीमगीते. गळा तोच, ढोलकीचा ठेका तोच. तरी पहिल्याला ‘भक्ती’ म्हणणारी माणसे दुसऱ्याला ‘गोंगाट’ म्हणतात. विचारले, तर शास्त्राचा दाखला मिळतो: प्रत्येक रागाचा भाव निसर्गानेच ठरवला आहे, तुमच्या गाण्याला असे शास्त्र कुठे आहे? या दाव्याची चिकित्सा केलीच पाहिजे.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांना रस वाटून दिलेले आहेत. मध्यम-पंचमाला शृंगार आणि हास्य, षड्ज-ऋषभाला वीर, रौद्र, अद्भुत, गांधार-निषादाला करुण, धैवताला बीभत्स आणि भयानक. पुढे मतंगाच्या ‘बृहद्देशी’त रागाची सविस्तर चर्चा येते. पण चार किंवा त्याहून कमी स्वरांत गाणाऱ्या शबर, पुलिंद, किरात यांचे गाणे हाच ग्रंथ ‘मार्ग’ संगीताच्या बाहेर ठेवतो. गंमत अशी की अहीर भैरव, गुर्जरी तोडी ही रागांची नावेच आभीर, गुर्जर या समूहांची आठवण सांगतात. माणसे बाहेर आणि सूर आत!

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वरांना रसाबरोबर वर्णही दिला आहे. षड्ज, मध्यम, पंचम ब्राह्मण. ऋषभ, धैवत क्षत्रिय. गांधार, निषाद वैश्य. आणि अंतर गांधार, काकली निषाद हे विकृत स्वर शूद्र. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती इथे सप्तकातही उतरली आहे. स्वराचा वर्ण माणसाने ठरवला हे उघड आहे. मग त्याच यादीतला रस तेवढा निसर्गाने ठरवला, हे कसे मानायचे?

इतिहासाने या उतरंडीची आणखी एक फजिती केली. बहुतेक अभ्यासक त्या काळचे शुद्ध सप्तक आजच्या काफी थाटाजवळचे मानतात. त्या हिशेबाने शार्ङ्गदेवाचे ‘शूद्र’ गांधार-निषाद म्हणजे आजच्या बिलावल थाटातले शुद्ध गांधार आणि शुद्ध निषाद. काल जो शूद्र होता तोच आज शुद्ध आहे, आणि भूप रागाचा तर तो गांधारच वादी स्वर आहे.

भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर सारखेच. तरी भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. फरक वादी स्वराचा आणि चलनाचा. कर्नाटक संगीतात तर वेळेचे बंधन एवढे कडक पाळतच नाहीत. प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोने लिडियन धाटणीच्या स्वररचना रडव्या आणि ढिल्या म्हणून आदर्श राज्यातून हद्दपार केल्या. डोरियन आणि फ्रिजियन ठेवल्या. त्याच्या राज्याला खंबीर सैनिक हवे होते.

स्वरांचा मनावर परिणामच होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. संथ लय आणि खर्जातला सूर मन शांत करतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. पण कोणता सूर पवित्र आणि कोणता हलका, हे समाजातली सत्ता ठरवते. आणि समाजाने ठरवलेले समाज बदलूही शकतो. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन त्यात प्रबोधन भरले. आंबेडकरी जलसा त्याच वाटेने पुढे गेला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी लोकांच्या ओठांवरच्या चालींत स्वाभिमान भरला. ज्या चालीवर लोक करमणुकीसाठी माना डोलवत होते, त्याच चालीवर ते ताठ मानेने उभे राहू लागले.

म्हणून रागदारीकडे पाठ फिरवू नका, असे आम्ही आमच्या तरुणांना सांगतो. पेटी शिका, भूप शिका, हलगीही तितक्याच अभिमानाने शिका. आणि एखाद्या रागाचा भाव कोणी सांगितला, की एवढेच विचारा: हा कोणी ठरवला, कधी ठरवला आणि तेव्हा गावकुसाबाहेर कोण उभे होते?

जय भीम!