करडईची पाकळी आणि मलमलीची ओढणी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इतिहासाच्या तासाला रंगाचा विषय एकदाच निघतो, तोही १९१७ च्या चंपारण्यात. तिथे नीळ आहे, मळेवाले गोरे साहेब आहेत, गांजलेला शेतकरी आहे. त्या निळीने शेवटी कोणाचे कापड रंगले, कोणाच्या हाताने रंगले, हे पुस्तकात नाही. आपल्या समाजाच्या इतिहासातही असेच घडले आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर मालेगावात येऊन स्थिरावले, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. मागावर बसलेला बाप त्या इतिहासात दिसतो. घरात कांड्या भरणारी, ओढणी रंगवणारी आई मात्र दिसत नाही. तिच्या कामातले फक्त रंगवणे आम्ही इथे घेतले आहे, तेही विरळ विणीच्या कापडापुरते.

ढाक्याच्या मलमलीला आब-ए-रवाँ, शबनम अशी नावे होती. लखनौच्या चिकनकारीत तर सुईने धागे बाजूला सारून, एकही धागा न कापता, मलमलीतच जाळी काढतात. असे कापड उकळत्या हंड्यात घालून काठीने घुसळले की वीण सरकते आणि जाळी बिघडते. त्याला थंड पाण्यात चढणारा रंग हवा. तो कुसुंबाच्या फुलात होता.

कुसुंब म्हणजे आपली करडई. सोलापूर-मराठवाड्यातल्या वाचकाला करडई म्हटले की तेल आणि कोवळ्या पानांची भाजी आठवेल. पण तिच्या पाकळीत दोन रंग असतात, एक पिवळा आणि एक लाल. पिवळा साध्या पाण्यात सुटतो, म्हणून पाकळ्या फडक्यात बांधून पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायच्या. मग त्या खारात मळायच्या. उर्दूत त्याला सज्जी म्हणतात, आपल्याकडे पापडखारावरही काम भागते. त्यावर पाणी ओतले की लाल उतरतो. त्या पाण्यात ओढणी बुडवायची आणि लिंबू पिळायचे. आंबटपणा आला की लाल रंग पाणी सोडून सुताला धरतो. तुरटी लागत नाही, चूलही लागत नाही. या लालीला उर्दूत ‘शहाब’ म्हणतात. एका बुडीत गुलाबी, चार-पाच बुड्यांत गडद.

अरबीत कुसुंबाला ‘उस्फुर’ म्हणतात. ‘मुअस्फर’, म्हणजे कुसुंबी, कपडा पुरुषांनी घालावा की नाही, याची चर्चा हदीस आणि फिक्हच्या किताबांत आहे. त्यावरून या रंगाचे वय आणि त्याचा पसारा ध्यानात यावा.

हा रंग कच्चा. उन्हात उडतो, साबणात जातो. आजच्या हिशेबाने हा दोष, पण त्याचा एक फायदाही होता. जुनी ओढणी पुन्हा खाराच्या पाण्यात टाकली की रंग सुटून पाण्यात येतो आणि लिंबू पिळून तोच दुसऱ्या कापडाला चढवता येतो. सणाला, लग्नाला, ऋतू बदलला की त्याच एका ओढणीला नवा रंग. गरिबाघरी हे लहान सुख नव्हते. रंगानंतर खळ, आणि हौस असेल तर खळीत अभ्रकाची बारीक पूड. मग दोघींनी दोन टोके धरून सावलीत हलवत वाळवायचे.

पारिजातकाच्या देठांचा केशरी, हळदीचा पिवळा, हेही घरचेच. हिरव्यासाठी आधी नीळ लागे आणि वर पिवळा. नीळ आंबवणे हे माठ राखणाऱ्यांचे काम. मराठीत ते निळारी, बाकीचे रंगारी, आणि आपल्यात रंगरेज. उर्दूतली रंगांची नावे पाहा: प्याजी, किशमिशी, फालसई, उन्नाबी, धानी, काफुरी. कांदा, किसमिस, फालसा, बोर, भाताचे कोवळे रोप, कापूर. ही नावे दरबारात पाडली असतील असे आम्हाला वाटत नाही. ती स्वयंपाकघरातली आणि परसातली आहेत.

१८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरापासून क्विनाईन बनवू पाहत होता, हाती आला जांभळा रंग. १८६९ पर्यंत मंजिष्ठेचा लाल प्रयोगशाळेत बनला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. मग रंग पुडीतून घरोघर आला. बायकांनी तो आनंदाने घेतला, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. दिवसभर पाकळ्या धुणाऱ्या बाईला पुडीचे मोल जास्त कळते. रंगरेजाची कमाई गेली, पण रंगवणे अजून घरात होते. फक्त आता चूल पेटवावी लागे.

ते घराबाहेर गेले कापडामुळे. इंग्लंडात जॉन हीथकोटने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. रोजगार जाईल म्हणून चिडलेल्या कामगारांनी १८१६ मध्ये त्याच्या लफबरोच्या कारखान्यातली पन्नासहून अधिक यंत्रे फोडली. तो कारखाना घेऊन टिव्हर्टनला गेला. ती जाळी सुती होती, पुडीचा रंग धरत होती. १९३५ मध्ये नायलॉन आले. नायलॉनची जाळीही घरी रंगते, अॅसिड रंग आणि व्हिनेगर घालून गरम पाण्यात. पण १९४१ मध्ये इंग्लंडातच पॉलिस्टरचा शोध लागला, तेच आपले टेरिलीन. त्याच्या धाग्यात रंग नीट शिरायला बंद भांड्यात, दाबाखाली, सुमारे १३० अंश उष्णता लागते. घरचे पाणी १०० अंशांवर उकळते. आजची पॉलिस्टरची नेटची ओढणी पातेल्यात तासभर ठेवली तरी फिकीच निघते. बाईच्या हाताला यश नाही म्हणून नव्हे, धागाच तसा आहे.

आता मॅचिंग ओढणी रंगवून देणारे मोहल्ल्यात बसतात. एक शेगडी, चार पातेली, रंगाचे डबे, आणि मनगटापर्यंत रंगलेले हात. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्येच सांगितले होते. पुढे बेन्झिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर बोट आले. आपल्या देशात अशा घातक रंगांवर बंदी यायला १९९० चे दशक उजाडले. १९९३ आणि १९९७ च्या आदेशांनी मिळून एकशे बारा रंग बंद झाले. डब्यावर नाव नसलेला सुटा रंग त्यातला नाही, याची खात्री पातेल्यापाशी बसलेला माणूस कशी करणार? हातमोजे तरी कोणी देतो का त्याला?

करडई आपल्याकडे अजून पेरतात. तिचे काटे इतके टोचतात की पाकळी खुडणे नकोसे होते, म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढले. तिथे पाकळ्यांचा चहाही करून पाहिला गेला. बाकीच्या शेतांत बी तेलाला जाते आणि पाकळ्या बोंडावरच वाळतात.